मॉयरा परत कधी गेला?

१/ आजचा धागा ब्रिटिश उमरावांच्या पदव्यांविषयी आहे. त्याचा आरंभ मात्र माझ्याच एका चुकीच्या कबुलीने करते. पेशवाईची अखेरची वर्षे हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधिकेचा विषय. पहिल्या मसुद्यात मी दोन गव्हर्नर जनरलांची तुलना केली होती : सावध लॉर्ड मॉयरा आणि आक्रमक मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज. पाच पाने लिहिली होती, आणि मला त्यांचा अभिमानही वाटत होता.

२/ माझ्या मार्गदर्शिकांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले : ‘मॉयरा परत कधी गेला?’ ती तारीख मी दोन दिवस शोधत होते. सापडली नाही, कारण मॉयरा परत गेलाच नव्हता. १८१३ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आलेला अर्ल ऑफ मॉयरा आणि १८१८ मध्ये पेशवाई संपवणारा मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज हा एकच मनुष्य. नेपाळच्या युद्धानंतर त्याची पदवी वाढली आणि तिच्याबरोबर नावही बदलले. मी पदवीच्या बदलाला सत्तांतर समजले होते.

३/ ही चूक कशी घडते हे समजण्यासाठी आधी उतरंड पाहू. वरून खाली पाच पायऱ्या : ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. ‘ड्यूक’च्या मुळाशी सेनानायक या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, इंग्लंडमध्ये ही पदवी प्रथम १३३७ साली दिली गेली. मार्क्वेस म्हणजे मुळात सीमाप्रदेशाचा रक्षक, अर्ल हा प्रांताचा कारभारी, व्हायकाउंट म्हणजे काउंटचा दुय्यम. इंग्लंडने ‘काउंट’ ही पदवी स्वीकारली नाही. पण अर्लची पत्नी मात्र काउंटेसच म्हणवते.

४/ म्हणजे ही सारी आधी कामे होती, मग ती वंशपरंपरेने चालणारी मानचिन्हे झाली. आपल्याला हे परके वाटू नये. औंधचे पंतप्रतिनिधी आणि भोरचे पंतसचिव यांच्या बाबतीतही राज्यकारभारातले पदच पुढे घराण्याची ओळख बनले.

५/ खरा गोंधळ पुढे आहे. पदवी म्हणजे आडनाव नव्हे, आणि वरची पदवी मिळाली म्हणून खालची जात नाही. ड्यूक, मार्क्वेस किंवा अर्ल यांच्याकडे बहुधा एखादी कनिष्ठ पदवीही असते. ती थोरला मुलगा वडिलांच्या हयातीत केवळ शिष्टाचार म्हणून वापरतो. लोक त्याला ‘लॉर्ड’ म्हणतात, कायद्याने मात्र तो सामान्य नागरिकच असतो.

६/ आमचा हेस्टिंग्ज जन्मला तो फ्रान्सिस रॉडन म्हणून, १७५४ साली. वडील १७६२ मध्ये अर्ल ऑफ मॉयरा झाले आणि हा मुलगा शिष्टाचारापुरता ‘लॉर्ड रॉडन’ झाला. याच नावाने तो अमेरिकेतल्या युद्धात लढला. १७८३ मध्ये राजाने त्याला स्वतंत्रपणे बॅरन रॉडन केले. हाक तीच, ‘लॉर्ड रॉडन’. पण आता ती कायद्याने खरी होती. १७९३ मध्ये वडील वारल्यावर तो मॉयरा झाला, आणि भारतात असताना हेस्टिंग्ज.

७/ वॉरन हेस्टिंग्ज निराळा, हे वेगळे सांगायला हवे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळातला हा गव्हर्नर जनरल उमराव कधीच झाला नाही. त्याचे ‘हेस्टिंग्ज’ हे आडनाव, दुसऱ्याची ती पदवी. ग्रंथांच्या सूचीत मात्र दोघे शेजारी-शेजारी बसतात आणि विद्यार्थ्यांची परीक्षा पाहतात.

८/ ‘सर’ आणि ‘लॉर्ड’ यांतही अंतर आहे. नाइट किंवा बॅरोनेट हा उमराव नव्हे. जमशेटजी जीजीभाई १८४२ मध्ये नाइट आणि १८५७ मध्ये बॅरोनेट झाले. बॅरोनेटपद वंशपरंपरेने चालते, आणि त्यांच्या वारसाने पदाबरोबर ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच नाव घ्यावे, असा कायदाच झाला. मुंबईच्या इतिहासात त्यामुळे एका नावाचे अनेक ‘सर’ भेटतात. माझ्या प्रकरणात एका माणसाची अनेक नावे होती. इथे अनेक माणसांचे एकच नाव!

९/ स्त्रियांच्या बाबतीत हा लपंडाव अधिक खोल जातो. हेस्टिंग्जची खासगी रोजनिशी १८५८ मध्ये प्रसिद्ध झाली. संपादक म्हणून उल्लेख आहे तो ‘त्याची कन्या, मार्शनेस ऑफ ब्यूट’ असा. मार्क्वेसची मुलगी म्हणून लग्नापूर्वी ती ‘लेडी सोफिया’ होती. तिथे तिचे स्वतःचे नाव शिल्लक होते. मार्क्वेस ऑफ ब्यूटशी विवाह झाला, पद चढले आणि ‘सोफिया’ पुसले गेले. माझ्या संदर्भसूचीतही मी निमूटपणे फक्त पदवीच उतरवली होती.

१०/ ती पाच पाने मी काढून टाकली. आता माझ्या टिपणांत एकच कार्ड आहे : फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्ज, आणि त्याखाली वर्षांसह त्याच्या पदव्या. रोजनिशीच्या नोंदीत ‘संपादक : सोफिया, मार्शनेस ऑफ ब्यूट’ असे लिहिले आहे. तुम्हीही जुन्या कागदांत एखादा लॉर्ड भेटला, तर आधी त्याचे जन्मनाव शोधा आणि मग प्रत्येक पदवीचे वर्ष.

११/ पाने गेली, तरी प्रश्न उरलाच आहे, आणि तो आता अधिक अवघड झाला आहे. माणूस बदलला म्हणून धोरण बदलले, हे उत्तर सोपे होते. माणूस तोच होता. मग १८१३ ते १८१७ या चार वर्षांत नेमके काय बदलले? प्रबंधिकेचे ते प्रकरण मी आता नव्याने लिहिते आहे.

(धागा समाप्त)