चपला लहान झाल्या

धर्मग्रामाच्या मृत्यू-नोंदवहीत मरणाच्या कारणासाठी एक रकाना असतो. सातारा-सांगलीकडील माझ्या सेवाकाळात त्या रकान्यात मी कितीदा ‘दमा’ असे लिहिले, याची परवा मोजदाद केली आणि ओशाळलो.

निमित्त होते एका आजींचे. विडी तर सोडाच, मिसरीलाही त्यांनी कधी बोट लावले नव्हते. परंतु जन्म गेला चुलीपुढे आणि हंगामात गुऱ्हाळाच्या चुलवणापाशी. पुढे घरात गॅस आला. तोवर फुप्फुसे निकामी होत आली होती. पहिल्या शुक्रवारी मी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाई, तेव्हा औषधाचा पंप उशाशी आहे ना, एवढेच पाही. “बसून राहा, दम लागेल,” असेही बजावी. एकदा त्या हसत म्हणाल्या, “फादर, चपला लहान झाल्या बघा.” मी नव्या आणून दिल्या, एक नंबर मोठ्या!

पावले सुजली होती, हे माझ्या ध्यानी आले नाही. अखेर मिरजेला नेले, तेव्हा डॉक्टरांनी समजावले. फुप्फुसात प्राणवायू कमी पडला की तेथील रक्तवाहिन्या आकसतात. त्यांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते आणि पाय सुजतात. शिवाय दुखणे छातीपुरते राहत नाही. दाह रक्तावाटे अंगभर पसरतो, धमन्यांचे अस्तर बिघडते, त्या ताठरतात. म्हणूनच अशा रुग्णांपैकी पुष्कळजण हृदयविकाराने वा पक्षाघाताने जातात. छातीत जंतुसंसर्ग होऊन दम वाढला, की पुढचे काही आठवडे विशेष धोक्याचे. रक्तदाब तपासत राहावा. आणि झेपेल तेवढे रोज चालावे, बसून राहू नये! मी खाली मान घातली.

आपल्या भागाला छातीचे दुखणे नवे नाही. पाचगणीचे बेल-एअर डॉ. बिलिमोरिया यांनी 1912 साली उभारले, ते क्षयरोग्यांसाठी. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे आरोग्यधामही त्यांच्यासाठीच. क्षयाला आपण भ्यालो, चुलीच्या धुराला मात्र घरचा मानला.

आजी चालू लागल्या. अंगणापासून चर्चच्या फाटकापर्यंत, मध्ये दोनदा थांबून. पावसाळ्यात छाती भरली, त्यातून उठल्या. तिसऱ्या आठवड्यात पहाटे हृदयविकाराचा झटका आला.

दफनविधीनंतर नोंदवही उघडली आणि सवयीने ‘दमा’ लिहून गेलो. ते खोडून ‘हृदयविकार’ लिहिले. नोंदवहीत खाडाखोड करू नये, म्हणून शेजारी सही केली.