ओळखीचा वाटणारा परका कायदा

केशवानंद भारती खटला वाचून घडलेल्या वकिलाला कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतलं कलम ३३ सहजासहजी पचत नाही. संसद किंवा प्रांताची विधानसभा कायद्यातच तसं जाहीर करून अभिव्यक्ती, धर्म, समता यांसारखे हक्क पाच वर्षांपुरते बाजूला ठेवू शकते, आणि मुदत संपली की तीच घोषणा पुन्हा करू शकते. क्वेबेकने २०१९ मध्ये शिक्षक, पोलीस आणि सरकारी वकिलांना कामावर धार्मिक चिन्हं वापरायला बंदी केली, ती याच कलमाचा आधार घेऊन. मुंबईत किंवा पुण्यात एलएल.बी. होऊन कॅनडात वकिलीसाठी परीक्षा देणारा उमेदवार अशा प्रश्नावर तत्काळ लिहितो की हा कायदा घटनेची मूलभूत चौकट मोडतो. १९७३ च्या केशवानंद निकालाने हे तत्त्व मांडलेल्या भारतात हा युक्तिवाद शोभून दिसला असता. टोरांटोत त्याला आधारच नाही.

म्हणून तिथे नुसतं कलम सांगून भागत नाही, त्याचा जन्म सांगावा लागतो. हक्कांच्या नावाने कायदे रद्द करण्याची एवढी सत्ता न्यायालयांच्या हाती द्यायला अनेक प्रांतांचे मुख्यमंत्री तयार नव्हते. नोव्हेंबर १९८१ मधल्या वाटाघाटींत कलम ३३ ची तडजोड निघाली, तेव्हा कुठे १९८२ ची सनद प्रत्यक्षात आली. त्या तडजोडीला क्वेबेकने संमती दिली नव्हती, आणि पुढे कलमाचा सर्वाधिक वापर केला तोही क्वेबेकनेच! एवढा इतिहास कळला की उमेदवाराचा राग ओसरतो आणि अभ्यास सुरू होतो.

परदेशी पदवीधरांची पहिली गाठ पडते ती नॅशनल कमिटी ऑन अ‍ॅक्रेडिटेशनशी, म्हणजे ‘एनसीए’शी. ही समिती पदवी तपासते आणि कोणत्या विषयांची परीक्षा द्यायची ते ठरवते. राज्यघटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कॅनडियन कायद्याची पायाभरणी आणि व्यावसायिक आचार हे पाच विषय बहुतेकांच्या वाट्याला येतात. प्रश्नपत्रिकेत लांबलचक प्रसंग असतो. त्यातला कायदेशीर मुद्दा शोधायचा, नियम सांगायचा, तो प्रसंगाला लावायचा आणि निष्कर्षावर यायचं. व्याख्या पाठ करून पहिल्या वर्गात आलेले हुशार विद्यार्थी इथेच अडखळतात.

खरी अडचण मात्र सारखेपणातून येते, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही देशांचा कायदा इंग्लंडच्या मुशीतून आला. दोन्हीकडची अपिलं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे जात, आणि दोघांनीही ती वाट १९४९ मध्येच बंद केली. त्यामुळे करार, निष्काळजीपणा, नैसर्गिक न्याय ही प्रकरणं वाचताना भारतीय वकिलाला घरी आल्यासारखं वाटतं. तो वेग घेतो, आणि वळण दिसायच्या आत चुकतो.

फौजदारी कायद्याचंच पाहा. महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध स्वतःचा ‘मोक्का’ केला. ओंटारिओच्या विधानसभेला असा कायदा करता येणार नाही, कारण तिथे फौजदारी कायदा करण्याचा अधिकार फक्त केंद्रीय संसदेला आहे. मग ज्यूरी. मुंबईकराला ज्यूरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो. खुनाच्या त्या खटल्यात ज्यूरीने नानावटींना आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. कॅनडात बारा जणांचं एकमत लागतं, ते कारणं देत नाहीत, आणि न्यायाधीशांना त्यांचा ‘निर्दोष’ हा कौल नानावटीसारखा अव्हेरता येत नाही. सरकार पक्ष अपील करू शकतो, पण कायद्याच्या मुद्द्यावर. सकारण निकालपत्रांवर पोसलेल्या वकिलाला हे मनापासून पटायला वेळ लागतो.

आदिवासींच्या जमिनीचा कायदा हा बहुतेकांना पूर्णपणे नवा विषय वाटतो. मला तो सर्वांत शिकवण्याजोगा वाटतो. ब्रिटिश कोलंबियातल्या गिट्क्सन आणि वेटसुवेटेन लोकांनी आपल्या भूमीवर हक्क सांगितला तेव्हा त्यांच्याकडे सात-बारा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या कथा आणि गाणी हाच त्यांचा पुरावा होता. खालच्या न्यायालयाने त्याला फारसं वजन दिलं नाही. १९९७ च्या डेलगामूक निकालात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मौखिक इतिहासालाही लेखी कागदांच्या बरोबरीने स्थान द्यावं लागेल, आणि नव्याने सुनावणीचा आदेश दिला. पुढे २०१४ मध्ये त्सिल्हकोटीन लोकांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ठरावीक प्रदेशावर आदिवासी मालकी हक्क पहिल्यांदा जाहीर केला.

गडचिरोलीत वनहक्काचे दावे पाहिलेल्या वकिलाला यातलं मर्म चटकन उमगतं. आपल्या २००८ च्या वनहक्क नियमांतही गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन पुरावा म्हणून चालतं, आणि तिथल्याच मेंढा-लेखा गावाचा सामूहिक वनहक्क त्याला ठाऊक असतो. फरक एवढा की आपल्याकडे हा हक्क संसदेच्या कायद्यातून आला, तिकडे १९८२ च्या घटनेतल्या कलम ३५ ने त्याला संरक्षण दिलं. दोन निकाल आणि एक दावा शेजारी ठेवून शिकवलं, तर प्रकरण पाठ करावंच लागत नाही. भारतीय पदवीधराला कोरी पाटी समजणारे अभ्यासवर्ग ही संधी वाया घालवतात.

व्यावसायिक आचाराचा विषय अनेक जण शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, तेही चुकीचं आहे. भारतात निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला मनाई आहे; ओंटारिओत अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे सर्रास अशाच फीवर चालतात, फौजदारी आणि कौटुंबिक प्रकरणांत मात्र ती चालत नाही. आपल्याकडे जाहिरात जवळपास निषिद्ध, तिकडे नियमांत बसणारी जाहिरात चालते.

एनसीएचं प्रमाणपत्र हाती आलं तरी वकिलीची सनद मिळालेली नसते. ती देते त्या त्या प्रांताची लॉ सोसायटी. ओंटारिओत त्यासाठी बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन्ही परीक्षा असतात, आणि वकिलाच्या हाताखाली उमेदवारी, म्हणजे आर्टिकलिंगही. ती जागा मिळवणं नवख्याला फार जड जातं, कारण शिफारस करणारं ओळखीचं कुणी नसतं. टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा पर्यायी कार्यक्रम इथे उपयोगी पडतो: चार महिने प्रशिक्षण, चार महिने प्रत्यक्ष काम. तिथे काल्पनिक अशिलाचं पत्र लिहिण्यापासून सुरुवात होते, आणि नागपूर खंडपीठापुढे दहा वर्षं उभा राहिलेला वकीलही ते पत्र पुन्हा पुन्हा लिहितो.