अंकांचा कंठा

१२३४५६५४३२१. ही संख्या मी आधी वाचत नाही, तिच्यावरून नुसती नजर फिरवतो. एकापासून निघालेली चढण सहावर क्षणभर थबकते आणि ज्या पायऱ्यांनी वर गेली त्याच पायऱ्यांनी, एकही न गाळता, खाली उतरते. मोजायला बसलं तर बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. मोजली की ती दूर जाते. पाहिली की जवळ येते.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात ही संख्या दिसते तशीच सांगितली आहे: एकापासून सहापर्यंत वाढणारी, मग क्रमाने घटणारी. गुणाकारांतून उमटणाऱ्या असल्या संख्यांकडे त्यांनी गळ्यातले दागिने म्हणून पाहिलं. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचं मळखेड, आमच्या सोलापूरला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं. आणि १९६३ साली या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती निघाली ती सोलापुरातूनच, जैन संस्कृति संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांची खटखट चालू असते, वैशाखाचं ऊन पत्र्यांवर पांढरं होऊन पडलेलं असतं, आणि मागावरची नक्षी मध्यापर्यंत येऊन उलट फिरावी तसे हे अंक डोळ्यांसमोर फिरत राहतात.

ही संख्या देणारा महावीराचार्यांचा गुणाकार आहे २७९९४६८१ गुणिले ४४१. दोन्ही संख्या किती अनोळखी, किती ओबडधोबड! कुठे चढण नाही, कुठे उतार नाही. त्या एकमेकींना भेटतात आणि कंठा ओवला जातो. आत डोकावलं तर ४४१ मध्ये ३ आणि ७ दोन-दोनदा बसलेले; २७९९४६८१ मध्ये ११, १३ आणि ३७, तेही दोन-दोनदा. पाच मूळ संख्या, प्रत्येकीची एक जोडी, रूपात एकमेकींशी काही नातं नसलेल्या. या पाचांना एकेकदाच गुणलं की सहा एकांची सरळ ओळ उभी राहते, ११११११. आणि ती ओळ स्वतःशीच गुणली, एकेक घर डावीकडे सरकवत सहा ओळी एकाखाली एक मांडल्या, की रकान्यांच्या बेरजा आपसूक एक, दोन, तीन करत सहापर्यंत चढतात आणि परत फिरतात.

मूळ संख्यांच्या एकटेपणाचं कौतुक फार झालं. मला मात्र ही संयुक्त संख्या मोहवते, कारण तिचं सौंदर्य तिच्या एकाही घटकात नाही. तेरामध्ये ते शोधून सापडत नाही, सदतिसामध्येही नाही. ते फक्त भेटीत आहे.

विसाव्या शतकात देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी हीच वाट पुढे चालून पाहिली. शाळेत शिकवणारा हा माणूस १, १२१, १२३२१ अशा संख्यांवर जीव लावून बसला आणि त्यांना त्याने डेम्लो हे एका रेल्वे स्थानकाचं नाव दिलं. नऊ एकांचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ हे शिखर येतं. त्यातल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने त्याला निःशेष भागही जातो. कापरेकर अशा संख्यांना हर्षद म्हणत. दहावा एक जोडला की मधल्या रकान्यात हातचा येतो आणि चढण विस्कटते.

नऊपर्यंतच.

वाचकहो, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. कोऱ्या कागदावर २७९९४६८१ ला ४४१ ने स्वतःच्या हाताने गुणा, आणि शेजारी एखादं मूल असेल तर शेवटची बेरीज त्याला करू द्या.