पुस्तक सुचवताना सांगायचं राहून गेलेलं



आमच्या शाळेच्या ग्रंथालयाचं काम माझ्याकडे आहे. ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं आणि एक नोंदवही. शनिवारी शाळा सुटली की मुलं कपाटाभोवती जमतात. अशाच एका शनिवारी नववीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, रहस्यकथा द्या ना, पण त्यात रक्तबिक्त नको." पुढच्या शनिवारी हळूच म्हणाली, "प्रेमाची गोष्ट पण चालेल. फक्त घरी ओरडा बसायला नको!"

मला हसू आलं, पण तिची अडचण खरी होती. या वयात मुलांना रहस्यही हवं असतं आणि प्रेमही. मग मला कॉलेजात वाचलेली ख्रिस्ती वळणाची पुस्तकं आठवली.

पहिला आठवला चेस्टरटनचा फादर ब्राऊन. १९१० साली आलेल्या 'द ब्लू क्रॉस' या कथेत तो पहिल्यांदा भेटतो. ठेंगणा, भोळसट दिसणारा, छत्री सांभाळता सांभाळता धांदल उडणारा धर्मगुरू. लोकांचे कबुलीजबाब ऐकून ऐकून त्याला माणसाच्या मनातलं पाप चांगलं कळतं. उपाहारगृहात साखरेच्या भांड्यात मीठ कोणी भरलं आणि का भरलं, इथवर गोष्ट वर्गात सांगून मी थांबते. पुढचं मुलं स्वतः शोधतात! मला आवडतं ते हे, की चोर पकडला म्हणजे फादरचं काम संपत नाही, तो सुधारावा अशी त्याची धडपड असते. फ्लँबो नावाचा अट्टल चोर पुढे खरंच चोरी सोडून गुप्तहेर होतो.

"धर्मगुरूची गोष्ट म्हणजे चमत्कार आलेच," असं एक सहकारी म्हणाले. तसं नाही. रोनाल्ड नॉक्स हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू आणि रहस्यकथालेखक. त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यातला एक नियम असा की, कोडं सोडवायला अद्भुत शक्तीची मदत घ्यायची नाही. डोकं चालवायचं!

प्रेमकथेसाठी जॅनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली' (१९७९) आठवली. मार्टी ही तरुण विधवा. परका मुलूख, पोटात बाळ. क्लार्क हा विधुर, त्याची लहान मुलगी. दोघं गरजेपोटी लग्न करतात आणि प्रेम मागाहून, हळूहळू येतं. इंग्रजी सोपं आहे. दहावीनंतरच्या मुलांना आणि पालकांना मी ती जरूर सुचवते.

पण त्या मुलीला मराठी हवं होतं. म्हणून मी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' दिली. १८५७ सालची, मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती. चारच दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. शांतपणे म्हणाले, "मॅडम, लेखक धर्माच्या प्रचारासाठी लिहितोय, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

माहीत होतं. पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते. यमुनाही शेवटी ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. मी मात्र मुलीला एवढंच सांगितलं होतं, की विधवांच्या हालांची गोष्ट आहे. खोटं बोलले नव्हते, पण अर्धंच बोलले होते. मी तसं कबूल केलं. "तुम्ही आधी वाचा, मग ठरवा," असंही म्हणाले. ते पुस्तक घेऊन गेले. आता काही परत येत नाही, असं मला वाटलं.

महिन्याभराने मुलगी पुस्तक घेऊन आली. बापलेकींनी मिळून वाचलं होतं. तिने विचारलं, "बाई, यमुनेला धर्म न बदलता लग्न करता आलं नसतं का?"

मी म्हटलं, कायदा तर १८५६ मध्येच झाला होता. पण कायदा झाला म्हणून घरातली माणसं बदलतात का? तिकडे मार्टीला नवरा गेल्यावर दुसरं लग्न करायला कोणी अडवलं नाही. इकडे यमुनेला आधी माणूस म्हणून जगण्यासाठीच झगडावं लागलं. लेखकाने तिला जी वाट दाखवली, ती त्याची वाट. तुला दुसरी सुचते का? ती म्हणाली, "बाबा पण हेच विचारत होते." त्यावर त्या दोघांचं अजून एकमत झालेलं नाही म्हणे!

तेव्हापासून पुस्तक देताना मी तीन गोष्टी सांगते : गोष्ट कशाची आहे, लेखक कोणत्या श्रद्धेतून लिहितो आणि न पटल्यास मला येऊन काय विचारायचं. कोणत्याही धर्माचं पुस्तक असो, मी हे सांगतेच. लपवून दिलेलं पुस्तक घरी संशय निर्माण करतं. सांगून दिलं, तर घरात निदान बोलणं तरी सुरू होतं.