फॉर्म नंबर १७ ची रांग

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

परवा लेकीला घेऊन दहावीचा फॉर्म नंबर १७ भरायला गेले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शाळेत न जाता, खासगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाची दहावी किंवा बारावी द्यायची तर हा फॉर्म भरावा लागतो. ऑनलाइन भरायचा, फी भरायची आणि कागदपत्रं नेमून दिलेल्या शाळेत नेऊन द्यायची. त्या शाळेला संपर्क केंद्र म्हणतात.

आमची दोन्ही मुलं गेल्या जूनपासून घरी शिकतात. थोरली पंधरा पूर्ण, धाकटा तेरा. थोरलीला आठवीत असताना रोज सकाळी पोटात दुखायचं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. सुट्टीत दुखणं गायब व्हायचं. आठवी संपल्यावर आम्ही तिला घरी ठेवलं. धाकट्याचं मात्र तसं काही नव्हतं. एक घरी आणि एक शाळेत, ही ओढाताण नको म्हणून त्यालाही काढलं. म्हणजे त्याला काढलं ते आमच्या सोयीसाठी. हे आधीच कबूल करते, कारण पुढे त्याचा विषय येणार आहे.

माझे बाबा निवृत्त शिक्षक. आम्ही साताऱ्याचे. हा निर्णय ऐकल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव ज्या गावातल्या शाळेच्या रजिस्टरात लागलं, त्या गावात तू पोरांची नावं काढतेस." आणि पेपर उघडला.

याला काय उत्तर देणार? सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, तेही इथलंच. पोरं शाळेत यावीत म्हणून इथल्या माणसांनी आयुष्यं घातली. आणि आम्ही शाळा नको म्हणणारे! वर्षभर हा सल मनात होता.

गेल्या वर्षीचं नियोजन सांगते, म्हणजे नव्याने विचार करणाऱ्यांना उपयोग होईल. मी जूनमध्ये एक्सेलमध्ये रंगीत वेळापत्रक केलं होतं. रोज सात तास, पस्तीस मिनिटांचा एकेक. मधली सुट्टीसुद्धा होती. गणपतीपर्यंत टिकलं. मग लक्षात आलं की आपण घरात शाळाच उघडली, फक्त मैत्रिणी, मैदान आणि डबा वाटून खाणं वगळून. म्हणजे शाळेतलं सगळ्यात बरं तेवढंच बाहेर ठेवलं.

यंदा उलटीकडून सुरुवात केली. आधी भिंतीवर फेब्रुवारी-मार्चची परीक्षा लिहिली. तिच्या आधी दोन महिने फक्त उजळणी आणि जुन्या प्रश्नपत्रिका. म्हणजे नवीन शिकायला जून ते डिसेंबर एवढेच महिने. त्यातून गणपती, दिवाळी, गावची जत्रा, आजारपणं वजा केली. हातात आले चोवीस आठवडे. मग पुस्तकं समोर घेऊन धडे मोजले आणि आठवड्यांत वाटले. दर चौथा आठवडा मोकळा ठेवला, मागे राहिलेलं भरून काढायला. बालभारतीची सगळी पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात, त्यामुळे पुस्तकांवर खर्च नाही.

दिवसाला बसून अभ्यास चारच तास. त्यापलीकडे आठवड्यातून तीन गोष्टी ठरलेल्या: घराबाहेरच्या माणसांसोबत करायचं एक काम, हाताने करायचं एक काम, आणि आवडत नाही पण टाळता येत नाही असं एक काम. वाचनालयात दोन संध्याकाळी, गॅलरीत भाज्यांच्या कुंड्या, आणि लेकीसाठी भूमिती. पावसाळ्यात मराठी विश्वकोशातली रोज एक नोंद वाचायची असंही ठरवलं. विश्वकोशाचं काम आमच्या वाईत उभं राहिलं, आणि तो आता ऑनलाइन मोफत आहे. धाकटा रोज क्रिकेटपटू शोधतो, तो भाग वेगळा.

मुक्त विद्यालय का नाही, हा प्रश्न नेहमी येतो. एनआयओएस हा चांगला पर्याय आहे. पाच विषयांत दहावी होते, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा होतात. घाईत नसलेल्या मुलांसाठी तेच बरं. आमच्या लेकीला अकरावीला इथल्याच कॉलेजात मैत्रिणींसोबत जायचंय आणि त्यांचीच पुस्तकं वाचायची आहेत, म्हणून तिने फॉर्म १७ निवडला. तिने. आम्ही नाही. पंधरा वर्षांच्या मुलीचं वर्ष आखायचं तर खडू तिच्याही हातात द्यावा लागतो.

आता काय जमलं नाही ते. भिंगाचं नाभीय अंतर घरी काढता आलं. खिडकीची प्रतिमा भिंतीवर आली तेव्हा दोघं ओरडले होते. पण सूक्ष्मदर्शक कुठून आणणार? जवळच्या एका शाळेत विचारलं, शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर प्रयोगशाळा वापरू द्याल का, शुल्क देतो. उत्तर आलं, मुलगी आमच्या पटावर नाही. धाकट्याला कबड्डीचं वेड. शालेय स्पर्धांत नाव शाळेकडूनच जातं. त्याला शाळाच नाही. गल्लीत तो सगळ्यांना भारी आहे, कागदावर खेळाडूच नाही.

तर, परवाची रांग.

आमच्या पुढे एक मुलगा होता, सतराएक वर्षांचा. नखांत ग्रीस. त्याच्या पुढे एक मुलगी, कडेवर दीड वर्षाचं बाळ, सोबत सासू. खिडकीतले क्लार्क भले होते, पण एक प्रश्न प्रत्येकाला मोठ्याने विचारत होते: "शाळा का सोडली?"

ती मुलगी म्हणाली, "लग्न झालं. नववीत."

मुलगा म्हणाला, "वडील गेले. लॉकडाऊनमध्ये. तेव्हापासून गॅरेजला."

मग आमचा नंबर. मी वर्षभर हे वाक्य नातेवाइकांसमोर, सोसायटीत मान ताठ करून म्हटलंय. त्या दिवशी ते घशात अडकलं. "आम्ही घरी शिकवतो," मी म्हटलं. क्लार्कनी वर पाहिलं, परत खाली पाहिलं आणि तोच शिक्का मारला, जो त्या दोघांच्या फॉर्मवर मारला होता.

बाहेर पायरीवर त्या मुलीने माझ्या लेकीला विचारलं, "ताई, तू घरी अभ्यास कसा करतेस गं?" ताई म्हणाली, लेकीपेक्षा तीनचार वर्षांनी मोठी असून. लेकीने मोबाइलमधला भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो दाखवला. चोवीस आठवडे, रोज चार तास. तिने नीट पाहिला आणि म्हणाली, "मला रात्री नऊनंतर दीड तास मिळतो. बाळ झोपलं तर."

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "आमची सून हुशार आहे हो. मीच म्हटलं, भर फॉर्म. अंगणवाडीत जागा निघाली तर शिक्षण विचारतात."

घरी आल्यावर लेकीने जेवण झाल्यावर कागद घेतला आणि नवं वेळापत्रक करायला बसली. दीड तासाचं. मी नुसती बघत होते. गणिताचे दोन भाग, चाळीस-चाळीस गुणांचे. पास व्हायला शंभरात पस्तीस. मग कुठले धडे आधी, कुठले सोडले तरी चालतील, भूगोलाचे आलेख आणि नकाशा म्हणजे हमखास गुण, मराठीचं पत्रलेखन आणि बातमीलेखन रविवारी. मला जे नियोजन करायला एक वर्ष वाया घालवावं लागलं, ते तिने दोन तासांत केलं. कारण तिच्यासमोर खरी अडचण असलेलं खरं माणूस होतं.

आणि तेव्हा मला बाबांचं वाक्य नीट कळलं. घरी शिकवणं चूक की बरोबर, एवढाच तो प्रश्न नव्हता. मी हे करू शकते, कारण मी घरून अकाउंट्सची कामं करते आणि ती निम्मी कमी केली तरी आमची चूल पेटते. आमच्यासारखी घरं मोजकी. फॉर्म १७ च्या रांगेतली बहुतेक मुलं शाळा "सोडणारी" नाहीत, त्यांची शाळा सुटलेली आहे. त्यांचं वर्ष कुणीच आखत नाही.

शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतचा. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते अठरा वर्षांच्या सगळ्यांसाठी शिक्षण असं म्हणतं, पण कायद्यातला हक्क अजून चौदावरच थांबलाय. पंधरा-सोळा वर्षांच्या, शाळेबाहेरच्या मुलाला व्यवस्था काय देते? एक फॉर्म, एक हॉल तिकीट आणि ज्यात संपर्क जवळपास नाहीच असं एक संपर्क केंद्र. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा मात्र सगळ्यांसारख्याच द्यायच्या.

मागणं फार मोठं नाही. नवी इमारत नको, नवी योजना नको. संपर्क केंद्र असलेल्या शाळेने महिन्यातून दोन शनिवारी फॉर्म १७ वाल्यांना बोलवावं. एक दिवस प्रयोगशाळा, एक दिवस गणित-इंग्रजीच्या शंका. शिक्षकांवर आधीच पन्नास कामं आहेत हे माहीत आहे, म्हणून त्यांना त्याचं मानधन द्यावं, किंवा निवृत्त शिक्षकांना विचारावं. आणि मैदानाचं फाटक उघडं ठेवावं. एवढंच.

आपल्याकडे घरी शिकवणाऱ्या पालकांच्या गटांत वर्षाच्या नियोजनावर भरपूर बोललं जातं: कुठला अभ्यासक्रम, कुठलं ॲप, कुठली परदेशी परीक्षा. मीही बोलते. पण एक ओळ वाढवू या का? आपल्या मुलांच्या वेळापत्रकात आठवड्यातला एक तास अशा एका मुलासाठी, ज्याचं वेळापत्रक कुणी केलेलं नाही. उपकार म्हणून नाही. माझ्या लेकीला ती भूमिती, जी वर्षभर "आवडत नाही पण टाळता येत नाही" या रकान्यात होती, या आठवड्यात पहिल्यांदा नीट समजली. फोनवर दुसऱ्या कुणाला समजावून सांगताना.

राहिला धाकटा. काल रात्री म्हणाला, "आई, दिवाळीनंतर मला शाळेत घाल. कबड्डीला." आधी वाईट वाटलं. वाटलं, आपण हरलो. मग भिंतीवरचा त्याचा तक्ता काढला आणि दिवाळीच्या पुढे लिहिलं: आठवी, शाळा. वर्षाच्या नियोजनात हीही शक्यता धरायला हवी होती, मीच धरली नव्हती.

बाबांना हे सगळं सांगितलं. पेपर खाली ठेवला त्यांनी. नातू शाळेत जाणार म्हणून खूश होतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "ते ठीक. पण त्या पोरीचं गणित रात्री नऊनंतर फोनवर कोण घेणार आहे? तुझी लेक तर स्वतःच दहावीला आहे."

मग स्वतःच म्हणाले, "गुरुवारी मला जोडून दे."

साताऱ्यात किंवा आसपास कुणी निवृत्त शिक्षक असाल, किंवा तुमच्या शाळेत फॉर्म १७ चं केंद्र असेल, तर कमेंटमध्ये सांगा. दोन शनिवार. सुरुवात तेवढ्यानेही होईल.