जपानी शाळेतले परदेशी मास्तर

जपानमध्ये शाळेच्या दारातच बूट काढावे लागतात. आत वावरायला वेगळे, हलके, रबरी तळाचे बूट असतात आणि ते ठेवायला प्रत्येकाचा ठरलेला खण. इंग्रजी शिकवायला आलेल्या परदेशी तरुणाची पहिली फजिती इथेच होते. त्याच्या मापाचे काही शाळेत नसते. मग पाहुण्यांच्या सपाता घालून, टाचा बाहेर लोंबकळत ठेवून, तो जिना चढतो.

असे तरुण तिथे येऊ लागले ते मुख्यतः ‘जेट’ या सरकारी योजनेमुळे. १९८७ साली अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. आता पन्नासएक देशांतले पाच हजारांहून अधिक लोक या योजनेत असतात आणि त्यांतले बहुतेक सहायक भाषाशिक्षकच. पदवी हवी, पण अध्यापनाचे प्रशिक्षण असलेच पाहिजे असे नाही. करार एकेका वर्षाचा, फार तर पाच वर्षांपर्यंत वाढणारा. नेमणूक कुठे होईल हे मात्र आपल्या हाती नसते. टोकियोची स्वप्ने पाहत आलेली मुलगी एखाद्या बर्फाळ डोंगरी गावात जाऊन पडते, जिथे हिवाळ्यात वर्गात रॉकेलचा स्टोव्ह पेटवतात आणि घरात त्याहून जास्त थंडी असते.

वर्गात त्याचे स्थान मोठे चमत्कारिक असते. बहुतेकांकडे जपानी अध्यापनाचा परवाना नसतो, म्हणून नियमाप्रमाणे जपानी शिक्षकाने सोबत असायला हवे. मुले उठतात, वाकून नमस्कार करतात, बसतात. जपानी शिक्षक व्याकरण जपानीतून समजावतो आणि मधूनच खूण करतो. पाहुण्याने धड्यातले वाक्य वाचायचे, मुलांनी मागून म्हणायचे. आपण चालतेबोलते टेपरेकॉर्डर आहोत, अशी थट्टा हे शिक्षक स्वतःचीच करतात. एखाद्या मुलाला प्रश्न विचारावा, तर तो आधी शेजाऱ्याशी कुजबुजतो आणि मग गप्प राहतो. चुकण्यापेक्षा न बोललेले बरे! माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षी प्रवेशपरीक्षा जवळ आली, की संभाषणाचे खेळ मागे पडतात आणि सहायकाचे काम आणखी कमी होते. ज्यासाठी बोलावले तेच करू दिले जात नाही, ही त्यांची तक्रार जुनी आहे आणि खोटी नाही.

पण जपानी शाळेचा दिवस तासांपुरता नसतो. दुपारी पांढरे डगले, टोप्या आणि तोंडाला फडके बांधून मुलेच जेवण वाढतात. भात, मिसोचे सूप, मासा, भाजी आणि सोबत दूध. सर्वांना सारखेच. हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हटल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. शाकाहारी माणसाची पंचाईत होते, कारण साध्या दिसणाऱ्या सूपलाही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. सहायक शिक्षकही अनेकदा वर्गातच मुलांमध्ये बसून जेवतो. तासाला तोंड न उघडणारी मुलगी इथे विचारते, तुझ्या देशात भात खातात का? तुला चॉपस्टिक धरता येतात का?

मग सफाई. मुले फडकी घेऊन रांगेने जमीन पुसत धावतात, जिने झाडतात, संडासही धुतात. आपल्याकडे खेड्यातल्या शाळेत मुले वर्ग सारवत, तशातलाच प्रकार. फक्त इथे तो बहुतेक शाळांत, शहरांतही, नेमाने चालतो. शिक्षकही फडके उचलतो. इंग्रजीचे कितीतरी शब्द याच वेळी, बादलीपाशी, तोंडात बसतात.

संध्याकाळ लांबते. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांची टेबले एकमेकांना लागून असतात आणि उपमुख्याध्यापक समोर बसलेले. सहायकाची वेळ संपते, बाकीचे उठतच नाहीत. ‘तुमच्याआधी निघतो, माफ करा,’ असे जपानीत म्हणून तो हळूच बाहेर पडतो. उन्हाळी सुट्टीत मुले नसली तरी अनेकांना रोज त्या टेबलाशी येऊन बसावे लागते.

अशीच एक शिक्षिका होती टेलर अँडरसन. वय २४, राहणारी अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची, नेमणूक समुद्रकाठच्या इशिनोमाकी शहरात. ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीत तिचा अंत झाला. रिकुझेनताकाता गावात शिकवणारा अलास्काचा एक तरुणही त्याच लाटेत गेला. टेलरच्या आईवडिलांनी तिच्या नावे निधी उभारला आणि इशिनोमाकीच्या शाळांत ‘टेलर बुनको’ नावाने इंग्रजी पुस्तकांचे कोपरे सुरू झाले. पुस्तकांची कपाटे गावातल्याच एका सुताराने बनवली. त्याची तिन्ही मुले त्सुनामीत गेली होती. टेलरने त्यांना शिकवले होते.