साखर आणि घाम

जीवशास्त्राच्या नवशिक्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्र रुक्ष वाटते. मॉरिशसमधील मराठी मुलाला तरी तसे वाटू नये; कारण या शास्त्राचा पहिला धडा उसाच्या शेतातच आहे. येथे १८३४ मध्ये सुरू झालेल्या करारबद्ध मजुरीवर त्याचे पूर्वज मुंबई बंदरातून आले आणि त्याच शेतात राबले.

उसाचे पान हवेतून कार्बन डायऑक्साइड घेते, मुळे पाणी देतात, सूर्यप्रकाश शक्ती पुरवतो. त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या शर्करा घडतात. दोहोंच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ व ऑक्सिजनचे ६ अणू असतात. त्या जुळताना पाण्याचा एक रेणू वेगळा होतो आणि अनुक्रमे १२, २२ व ११ अणूंची साखर तयार होते. हे अणू इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने बांधलेले असतात.

घामातील मिठाची रीत निराळी. तेथे सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. पाण्यात हे दोघे आयनरूपाने विलग होतात. सोडियमचे असेच आयन मज्जातंतूंतील संदेश वाहतात.

एक बंध भागीदारीचा, दुसरा दानाचा. साखर गोदीवरून परदेशी गेली; मीठ पूर्वजांच्या अंगावर वाळले. नातवंडांनी दोन्ही जाणून घ्यावीत. जीवशास्त्राचा पाया तेथेच आहे.